पुन्हा आईच्या हाताखाली

हे मी अशा माणसासाठी लिहितेय, जो आत्ता कुठल्यातरी हॉस्पिटलात छताकडे बघत पडलाय, ज्याच्या नाकावर माशी बसलीय आणि ज्याला ती हाकलता येत नाहीये. पुस्तक धरता येत नसेल तर कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. मीही अशीच पडले होते. अशी पडलेली माणसं उठतात, हे तेव्हा मला कुणी पटेल असं सांगितलं नव्हतं. सगळी उठत नाहीत, आणि कुणीच लगेच उठत नाही. पण मी उठले, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

आधीचे दिवस

मी वंदना. मुलुंड पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आई आणि मी राहतो. लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी गोष्ट नाही, जमलं नाही इतकंच. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये मी हेअरड्रेसर म्हणून काम करत आले. मालिकांमधल्या सासवांचे अंबाडे, सुनांच्या वेण्या, पौराणिक मालिका असेल तर कमरेपर्यंत लांब गंगावनं. तोंडात पिना धरून, मागे उभी राहून, समोरच्या बाईच्या सगळ्या घरगुती कटकटी ऐकत माझे हात आपोआप चालायचे.

आई ऐंशीच्या घरातली. कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन मुंबईत आली. बाबा गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. आम्ही घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या अंगावरच्या चाळीत वाढलो. आई घरी बसून मंगळसूत्राचे काळे मणी ओवायची. बाजारातला एक शेठ माल पाठवायचा आणि दुपारभर चाळीतल्या चार-पाच बायका आमच्या दारात ताटं मांडीवर घेऊन बसायच्या. रेडिओ चालू, हात चालू, तोंड चालू. मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे. तिच्या पाठीतून तिचं बोलणं मला गुणगुणल्यासारखं जाणवायचं. सुख म्हटलं की मला अजून तीच पाठ आठवते.

बाबा गेले, दादाने बोरिवलीला संसार मांडला, आणि आई माझ्याकडे राहिली. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, त्यावर आम्ही हसायचो. नंतर ती दुपारी दार उघडून "घराक जाऊया" म्हणायला लागली. घर म्हणजे भटवाडी. दिवसभर तिच्यासोबत राहायला भांडुपहून लता यायची. मी कामाला निघाले की आई विचारायची, "खंय चललंस?" मी म्हणायचे, कामाला. "बरां. काळोख करू नको." मी शाळेत होते तेव्हाही ती हेच म्हणायची, आणि मी केसांना मेंदी लावायला लागले तरी हेच म्हणत होती.

पिन

त्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं. सेटवर निम्म्या युनिटचं बिघडलं होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पोट बरं झालं आणि काही दिवसांनी पावलांना मुंग्या यायला लागल्या. उभं राहायचं काम, मला वाटलं चपला बदलायला हव्यात. मग मुंग्या बोटांच्या टोकांना आल्या.

एका दुपारी सासूचं काम करणाऱ्या बाईंचा अंबाडा बांधत होते. तोंडातली पिन काढून केसांत खोचायला गेले आणि ती बोटांतून निसटली. दुसरी घेतली, तीही निसटली. आरशातून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वंदना, जेवलीस ना तू?"

"जेवले हो," मी म्हटलं आणि पिना उचलायला खाली वाकले. वाकले खरी, पण उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. खुर्चीला धरून उठले आणि पाय बधिर झालाय म्हणून हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर तिसरा मजला मी कठड्याला लोंबकळत चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठून बसता येईना. हात थोडे हलत होते, पाय लाकडासारखे पडले होते. आई पलंगाशी उभी. बेल वाजली, लता आली होती. आतून कडी होती आणि कडी काढायला घरात आईशिवाय कुणी नव्हतं.

"आई, दार उघड."

ती गेली आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आली. "पाणी मागलंस मा?"

"नाही गं. दार. कडी वर कर आणि ओढ."

ती पुन्हा गेली. बाहेरून लता हाका मारत होती, आतून मी सांगत होते, मध्ये आई दोघींचं ऐकून गोंधळत होती. कडीचा आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं. आजारपणात मी पहिल्यांदा रडले ती त्या कडीसाठी.

लताने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. आमचे जुने डॉक्टर, आईचं ब्लडप्रेशर बघणारे. त्यांनी लहानसा हातोडा काढून माझ्या गुडघ्यावर मारला. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारला, पुन्हा पहिल्यावर. मग हातोडा बॅगेत ठेवत त्यांनी विचारलं, "घरी अजून कोण आहे?"

"आई."

"आईशिवाय?"

या दोन प्रश्नांनी मला जेवढं कळलं तेवढं नंतरच्या कुठल्याही रिपोर्टने कळलं नाही.

एका श्वासात

दुपारपर्यंत मी मुलुंडमधल्याच एका हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. पाठीतून पाणी काढलं, नसांची तपासणी झाली. मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमच्याच शरीरातले पोलीस चुकून तुमच्याच नसांना मारतायत. हा मार आपण थांबवू शकतो. नसा भरून यायला मात्र वेळ लागेल."

"किती वेळ?"

"महिने. पण आधी आपण छाती सांभाळू."

त्यांचा 'छाती सांभाळू'चा अर्थ मला संध्याकाळी कळला. अशक्तपणा पायांतून वर चढत होता. तो छातीपर्यंत आला तर श्वासासाठी मशीन लावावं लागणार होतं. म्हणून एक तरुण डॉक्टर मुलगी सारखी यायची आणि सांगायची, "काकू, मोठा श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा." शाळेत पाढे म्हणताना घाबरले नसेन इतकी मी त्या आकड्यांना घाबरायचे. भरभर म्हणून बघितलं, तर ती म्हणाली, "काकू, चीटिंग नको. सावकाश." आकडा दरवेळी थोडा अलीकडेच थांबायचा. एका सकाळी तो इतका अलीकडे थांबला की ते मशीन आणून माझ्या पलंगाशेजारी उभं केलं.

तो पूर्ण दिवस मी त्या मशीनकडे बघत काढला. मरणाची भीती वाटत होती का? खरं सांगायचं तर तिच्याहून जास्त नळीची वाटत होती. बोलता येणार नाही, आणि मग आईबद्दल कुणाला काही सांगता येणार नाही. तिला वरणभात गरम लागतो पण चहा कोमट लागतो. आंघोळीला चल म्हटलं की ती चिडते, पण बादलीत हात घालून 'पाणी छान झालंय' म्हटलं की आपणहून येते. हे माझ्या आणि लताच्या डोक्यात होतं, बाकी कुठे नव्हतं.

औषध शिरेतून चालू होतं. दुसऱ्या दिवशी आकडा तिथल्या तिथे राहिला. त्यानंतर एकाने पुढे गेला. डॉक्टर मुलीने स्वतःच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "झकास." काही दिवसांनी ते मशीन माझ्या शेजारून हलवून पलीकडच्या पलंगाकडे नेलं. आनंद मानावा का, ते मला कळेना.

मोठ्या भीतीच्या जोडीला तिथे बारकी छळवादी दुखणीही असतात. नाक खाजतं. चादरीला वळी पडते आणि ती पाठीत रुतते. बेल दाबायला बोट नाही. मी जिभेने टाळूवर टक् असा आवाज काढायला शिकले. तिथल्या मावशींना, कांताबाईंना, तो बरोबर ऐकू यायचा. "आली गं, पाल चुकचुकली माझी," म्हणत त्या यायच्या आणि न विचारता आधी नाक खाजवायच्या. तुमच्या वॉर्डात अशी एक मावशी असतेच. तिला शोधा.

दादा

दादाने पहिल्याच दिवशी आईला बोरिवलीला, त्याच्या आणि अलकावहिनीच्या घरी नेलं. बोरिवलीहून मुलुंडला यायचं म्हणजे शहर आडवं कापायचं. ऑफिस सुटल्यावर तो रोज यायचा, तोंड धुऊन, डोळे लाल. माझ्याजवळ बसायचा आणि काय बोलावं ते न सुचून माझी पावलं चोळायचा. मला त्याचे हात जाणवायचे नाहीत, पण मी सांगितलं नाही.

मी आयसीयूतून वॉर्डात यायच्या सुमारास एकदा तो येऊन बसला आणि पावलं चोळायचंही विसरला.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"काल खाली उतरून गेली. अलका आंघोळीला होती. आई स्टेशनच्या रस्त्याला मिळाली. रिक्षावाल्याला भटवाडी सांगत होती."

"लागलं नाही ना?"

"नाही." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बदलापूरच्या पुढे एक जागा आहे. अशाच म्हाताऱ्या माणसांसाठी. नर्स असतात चोवीस तास. तू बरी होईपर्यंत तरी..."

"तू विचारतोयस का सांगतोयस?"

"वंदू, अलका झोपत नाही. मी झोपत नाही. तू अशी. मी काय करू, सांग ना."

मला उठून बसायचं होतं, हात झटकायचा होता, तोंड फिरवायचं होतं. यातलं काहीच येत नव्हतं. भांडण करायलाही अंग लागतं. मी पडल्या पडल्या म्हटलं, "तू न्यायच्या आधी तिला मला भेटव. एकदा."

दादाने मान हलवली. वळताना त्याने डोळे पुसले ते मी बघितलं, आणि माझा राग तिथेच अर्धा झाला.

वेणी

आईला अलकावहिनी घेऊन आली. इस्त्रीचं लुगडं, कपाळावर नीट कुंकू. वहिनी मला नेहमी जरा तुटक वाटायची, पण आईला तिने नटवून आणलं होतं. आई वॉर्डाच्या दारात थबकली. इतके पलंग, इतक्या नळ्या. ती घाबरली असं मला वाटलं. मग तिची नजर माझ्यावर आली आणि ती थेट चालत आली.

"हिचे केस कोणीच विंचरूक नाय?"

इतक्या दिवसांत माझ्या केसांचं पार जटांचं घरटं झालं होतं. नर्सने आदल्याच दिवशी सांगितलं होतं की कापून टाकू. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस सांभाळलेली मी 'कापा' म्हणाले होते.

आई पलंगाच्या उशाशी बसली. वहिनीने पर्समधून कंगवा दिला, तो तिने बाजूला ठेवला. आधी बोटांनीच टोकाकडून एकेक गुंता सोडवायला लागली. मूळ एका हाताने घट्ट धरायचं, म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या सगळ्या मुलींना मी हेच शिकवलं होतं आणि हे मला कुणी शिकवलं ते विसरले होते. भटवाडीला रविवारी गॅलरीत खोबरेल तेलाची वाटी उन्हात ठेवलेली असायची. आईच्या दोन गुडघ्यांमध्ये मी, आणि माझ्यापुढे टेकडीच्या उतारावरची सगळी पत्र्याची छपरं.

"दुखता?"

"नाही."

"मगे रडतंस कित्याक?"

मला हात वर करून डोळे पुसता येत नव्हते. तिने पदराने पुसले, आणि आधीच्या कामाला लागली. पूर्ण दुपार गेली. शेजारच्या पलंगावरच्या बाई कुशीवर वळून बघत होत्या. शेवटी आईने दोन घट्ट वेण्या घातल्या आणि रिबिनी शोधायला लागली. रिबिनी नव्हत्या. कांताबाईंनी बँडेजच्या पट्टीचे दोन तुकडे कापून दिले.

निघताना वहिनी माझ्या कानाशी वाकली. "वंदना, आमच्याकडे आल्यापासून त्या एका जागी बसलेल्या मी आज पहिल्यांदा बघितल्या." कंगवा पर्समध्ये टाकत ती म्हणाली, "ह्यांच्याशी मी बोलते. तुम्ही दोघी मुलुंडलाच राहा. मी येऊन राहीन अधूनमधून. मला त्यांची भीती वाटते गं, म्हणून माझी चिडचिड होते. तू समोर असलीस की त्या वेगळ्या असतात."

इतक्या वर्षांत वहिनी माझ्याशी इतकं सरळ कधी बोलली नव्हती. बहुतेक मीही नाही.

घरी

मला तिसऱ्या मजल्यावर चढवली ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. दादा, वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ. प्रत्येक वळणावर कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणायचं. वर दारात आई उभी होती. तिने मला खुर्चीतून येताना पाहिलं आणि दादाला म्हणाली, "ताप उतारलो काय रे?"

कुठला ताप ते आम्हाला आधी कळेना. मग दादाच्या लक्षात आलं. मी तिसरीत असताना मला टायफॉइड झाला होता. चाळीत सगळे त्याला मुदतीचा ताप म्हणायचे. मी अशीच खाटेवर पडून होते आणि आईने मला पेज भरवून वर काढली होती. तिच्या हिशेबाने तेच चाललं होतं. मी आठ-नऊ वर्षांची होते, बाबा गिरणीत होते आणि शाळेत निरोप पाठवायचा राहिला होता.

पहिले दोन दिवस मी तिला समजावलं. आई, मी बावन्न वर्षांची आहे. तिचा चेहरा कावराबावरा व्हायचा. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाईंक निरोप दिलंस?" मी म्हटलं, "दिला." ती खूश झाली आणि पेज घेऊन आली. लता गॅसपाशी उभी राहून लक्ष ठेवायची, पण ढवळायची आईच. चमच्यावर फुंकर घालून, तोंडाला लावून बघून, मग मला. पेजेत मीठ कधी नसायचं, कधी फार असायचं. मी सगळी खायचे.

"ताई," एके दिवशी लता हळूच म्हणाली, "आजी आज दिवसभरात एकदापण घरी जाऊया म्हणाल्या नाहीत."

फिजिओथेरपीला मृण्मयी नावाची मुलगी यायची. आधी पलंगाच्या काठावर बसणं, मग धरून उभं राहणं. उभी राहिले तेव्हा खिडकीतून पलीकडचे येऊरचे डोंगर दिसले. किती दिवस मी नुसतं त्यांच्यावरचं आभाळ बघत होते. बोटांसाठी ती म्हणाली की बारीक वस्तू उचलायची सवय करा, राजमा, बटणं, काही चालेल. वहिनी पुढच्या खेपेला काळ्या मण्यांची पुडी घेऊन आली. "घाटकोपरला उतरले मुद्दाम," म्हणाली.

मी आणि आई ताट मध्ये ठेवून बसायला लागलो. माझ्या बोटांतून मणी सुटायचे, जमिनीवर टिपटिप उड्या मारायचे. आईचा तोपर्यंत वीतभर सर ओवून झालेला असायचा. मी वैतागून हात आपटला की ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "घाई नको गो. मणी खंय पळान जायत नाय." माझ्या सुईत पहिला मणी गेला तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने फक्त ताट माझ्याकडे जरा सरकवलं.

जमिनीवर

आता जे सांगते ते गाळावंसं वाटत होतं. पण मग हे लिहिण्यात अर्थ नाही.

एका दुपारी लता खाली भाजी आणायला गेली होती. मी पलंगाच्या काठावर बसले होते. आईने ठरवलं की माझा ताप गेला आणि आता मला मोरीपर्यंत नेलं पाहिजे. मी नको नको म्हणत असताना तिने माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. दोन पावलं पडली असतील. माझा गुडघा दुमडला आणि आम्ही दोघी खाली आलो. मी तिच्यावर पडू नये म्हणून अंग वळवलं, तरी तिचा हात माझ्याखाली आला.

फोन पलंगावर राहिला होता. मला उठता येत नव्हतं, तिलाही. तिने कण्हल्यासारखं केलं. पंखा फिरत होता. आम्ही दोघी लादीवर शेजारी शेजारी, भटवाडीला उन्हाळ्यात पडायचो तशा.

"वंदू," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने माझं नाव घेतलं होतं. आवाज तिचा जुना, जागेवरचा. "मी सगळा विसारतंय ना गो?"

खोटं बोलणं सोपं होतं. गेले कित्येक आठवडे मी तेच करत होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला जमलं नाही.

"हो आई."

"तुका पण?"

"कधी कधी."

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मगे तू सांग माका. मी कोण, तू कोण. फक्त वराडू नको."

"नाही ओरडणार."

तिने चांगला हात माझ्या हातावर ठेवला. लता आली तेव्हा आम्ही तशाच होतो.

आईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. संध्याकाळी दादा आणि वहिनी आले तेव्हा मीच दादाला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. आज तिला लागलं, मला उचलता आलं नाही. ती बदलापूरची जागा अजून आहे का?"

दादा खुर्चीत बसला. वहिनी पाणी घेऊन आली, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

"मी जाऊन आलोय तिकडे," तो म्हणाला. "तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाच. जागा चांगली आहे, वाईट नाही बोलणार मी. बाग आहे, स्वच्छ आहे. निघताना एका आजींनी माझा हात धरला. मला म्हणाल्या, आलास? मी म्हटलं, हो आलो. सोडेचनात. त्यांना तिथल्या बाईंनी आत नेलं आणि मी गेटबाहेर येऊन उभाच राहिलो." त्याने पाणी पिऊन टाकलं. "कधी न्यावं लागलं तर नेऊ. मी नाही म्हणत नाही. पण आज नको."

बराच वेळ आम्ही तिघं बोलत बसलो. लताने राहायला यायचं कबूल केलं. दादा-वहिनी शनिवार-रविवार यायचे ठरले. मी अंधेरीच्या दिवसभराच्या शूटिंगचा नाद सोडायचा ठरवला, हात परत आले तरी. हे ठरवताना वाईट वाटलं. मला ते काम फार आवडायचं. वहिनी म्हणाली, "शिकव ना कुणाला तरी. तुला येतं ते काय वाया जाणारंय का?" आतल्या खोलीत आई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून झोपली होती.

आता

या सगळ्याला वर्षाच्या वर होऊन गेलं. मी चालते. पायांची बोटं अजून बधिर आहेत, चप्पल सुटून गेली तरी कळत नाही. जिना उतरताना कठडा लागतो. सकाळी घाटकोपरच्या एका ब्युटी इन्स्टिट्यूटमध्ये मुलींना केशरचना शिकवते आणि जेवायच्या वेळेला घरी येते. एखाद्या मुलीच्या हातून पिन निसटली की मी आधी तिच्या बोटांकडे बघते, मग पिनेकडे.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. चिडलात तर चिडा, घरचे समजून घेतात. नाही घेतलं तर नंतर घेतात. आकडा कमी आला म्हणून तो दिवस हरलो असं समजू नका. आणि कुणी केस विंचरून देत असेल तर विंचरू द्या.

आई आहे. मनगट जुळलं. मला ती आता बहुतेक ओळखत नाही. लता सांगते त्याप्रमाणे मी तिच्या लेखी बाजूच्या खोलीतली कुणीतरी बरी बाई आहे. आधी मी सांगायचे, आई, मी वंदना, तूच सांगायला सांगितलं होतंस. न ओरडता, रोज. ती मान डोलवायची, ऐकून घ्यायची. हल्ली मी रोज सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मी दुपारी घरी आले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मी शेजारी बसले. तिने मला नीट न्याहाळलं आणि जरा जवळ सरकून, चाळीतल्या शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "माझा चेडू लय आजारी होता. हात हलना नाय, पाय हलना नाय."

"हो?" मी म्हटलं. "मग?"

"मगे काय. मी पेज घातलंय, केस विंचारलंय. उठला."

"आता कशी आहे मुलगी?"

"बरां असा. कामार जाता." तिने खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं. "येतला आता इतक्यात. तू बस. च्या पी."

लताने चहा आणला. मी बसले आणि प्यायले.